पेन्शन आलेला माणूस

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत फौजी निवृत्त होत नाही, तो ‘पेन्शन येतो’. “थोरला गेल्या महिन्यात पेन्शन आला,” असं घरचे सांगतात. ऐकणाऱ्या शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर पिकल्या केसांचा, काठी टेकत चालणारा कुणीतरी येतो. प्रत्यक्षात थोरल्याचं वय छत्तीस-सदतीस असतं, मुलगी सहावीत असते आणि छाती अजून भरतीच्या मैदानावरचीच असते. शिपायाच्या पेन्शनला किमान १५ वर्षांची नोकरी लागते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी गेलेला पोरगा पस्तिशीच्या आत-बाहेर ती पुरी करतो, आणि लष्कराला तरुण माणसं हवी असल्यामुळे बहुतेक जवानांना चाळिशीच्या आसपास घरचा रस्ता धरावा लागतो. तिन्ही दलांतून असे साधारण ६० हजार लोक दरवर्षी बाहेर पडतात. अजून निम्मं आयुष्य पुढं असतं आणि ते कसं काढायचं याचं ट्रेनिंग कुठल्याच सेंटरवर झालेलं नसतं.

सतरा वर्षं तो घरी पाहुणा म्हणून आला. आल्या दिवशी कोंबडं, ट्रंकेतून निघणारी कॅन्टीनची बाटली, पोरांसाठी सुका मेवा, आणि सुट्टी संपली की निरोपाला एस.टी. स्टँडवर सगळं घर. आता पाहुणा राहायलाच आला. मधल्या काळात बायकोनं सोसायटीचं कर्ज फेडलं, सासूचं दुखणं काढलं, भावकीनं बांध कोरला तेव्हा एकटीनं उभं राहून भांडण केलं. घरातले सगळे व्यवहार तिच्या हातात आहेत आणि ती ते चोख करते. त्याला तलाठ्याच्या कचेरीत कुठल्या टेबलापाशी उभं राहायचं तेही ठाऊक नसतं. मग तो आपल्याला येतं ते करतो. पहाटे पाचला पोरांना उठवतो, बुटांना पॉलिश नाही म्हणून ओरडतो, जेवणाच्या वेळा लावून देतो. पोरं आठ दिवस ऐकतात, नवव्या दिवशी आईकडे बघतात. काही महिन्यांत तो पुण्याला जातो आणि कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर बारा तासांच्या ड्युटीत गाड्यांचे नंबर वहीत उतरवू लागतो. काल-परवापर्यंत दहा माणसांची सेक्शन चालवलेला हा हवालदार असतो. कामात कमीपणा काही नाही. पण गावाहून फोन आला की तो गेटपासून लांब जाऊन बोलतो.

गावात त्याला मान नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला त्याला शाळेत बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. पारावर गेला की “या मेजर!” होतं. लान्सनायक असो, हवालदार असो की सुभेदार, गाव सगळ्यांना मेजरच म्हणतं. या ‘मेजर’मध्ये प्रेम आहे, पण त्यानं त्या माणसाचा खरा हुद्दा पुसला जातो हे आपल्या ध्यानात येत नाही. तो सिग्नलमध्ये होता की रसद पुरवणाऱ्या एएससीत, ट्रक चालवायचा की लंगरमध्ये शंभर माणसांच्या पोळ्या लाटायचा, सियाचिनला किती महिने होता, की सगळी नोकरी बबिन्याच्या आणि अहिल्यानगरच्या धुळीत काढली, हे विचारायचं कारणच उरत नाही. मेजर म्हटलं की संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेन्शन आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती त्याच्या वर्दीनं दिपून न जाणाऱ्या माणसाची. असा माणूस बहुतेक वेळा दुसरा फौजीच असतो. आपण बाकीचे त्याच्यापुढं एक तर हात जोडतो, नाहीतर पाठीमागं “मिलिटरीवाल्याचं डोकं जरा तसलंच” असं म्हणतो. दोन्ही वेळा बोलणं तिथंच तुटतं.

अमेरिकेतल्या बफेलो शहरात ही गोष्ट एका न्यायाधीशाच्या ध्यानात आली, तीही जवळजवळ योगायोगानं. रॉबर्ट रसेल हे तिथं व्यसनी आणि मनोरुग्ण आरोपींसाठीच्या खास न्यायालयांचं काम बघत. शिक्षा ठोठावून मोकळं होण्याऐवजी उपचार, देखरेख आणि दर काही आठवड्यांनी न्यायाधीशासमोर हजेरी अशी त्या न्यायालयांची पद्धत. तिथं व्हिएतनाम युद्धातला एक माजी सैनिक येई. येई आणि खांदे पाडून, जमिनीकडं बघत उभा राही. विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर नाही, उपचारात प्रगती नाही. न्यायालयाच्याच कामात असलेले जॅक ओ’कॉनर आणि हँक पिरोव्स्की हे दोघंही व्हिएतनामला जाऊन आलेले. रसेल यांनी त्यांना सांगितलं, याला जरा बाहेर घेऊन जा आणि बोला. ते त्याला बाहेरच्या बोळात घेऊन गेले. थोड्या वेळानं तो परत आला तो हात मागं बांधून, पाय रोवून, थेट परेडवरच्या ‘विश्राम’मध्ये उभा राहिला, आणि न्यायाधीशांच्या डोळ्यांत बघून म्हणाला की आता मी नेट लावून प्रयत्न करीन. या अनुभवातूनच जानेवारी २००८ मध्ये रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं उपचार-न्यायालय सुरू केलं. आज अमेरिकेत अशी शेकडो न्यायालयं आहेत.

या न्यायालयांतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी व्यक्ती न्यायाधीश नव्हे. ती असते मेंटॉर, म्हणजे स्वतः सैन्यात राहून आलेला आणि बिनपगारी येणारा माणूस. तो वकील नसतो, डॉक्टर नसतो, पोलिसांचा माणूसही नसतो. तारखेच्या दिवशी हजर राहतो, आरोपीशी बाजूला बसून बोलतो, घर मिळालं का, बस कुठली पकडायची, बायकोशी बोलणं होतं का, असलं विचारतो. जमेल तिथं नौदलाच्या माणसाला नौदलाचा आणि बाईला बाईच मेंटॉर देतात. आपल्याकडच्या वाचकाला यात विशेष असं काही वाटणार नाही. शेजारधर्मच तो, असं कुणी म्हणेल. पण त्या बोळात नेमकं काय झालं असेल याचा विचार करून बघा. त्या दोघांनी त्या माणसाला शाबासकी दिली नसणार, ‘आपल्या बलिदानाबद्दल देश ऋणी आहे’ असलंही काही ऐकवलं नसणार. त्यांनी त्याला झापलं असावं असा माझा तर्क आहे. झापण्याचा अधिकार त्यांना होता. न्यायाधीशाला कायद्यानं दिलेला अधिकार यापुढं फिका पडतो.

याची मुळं आणखी मागं जातात. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये, युद्धविरोधी भूमिका घेतलेल्या, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी एकत्र बसून नुसतं बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत जाऊन बसत. बैठक मात्र सैनिकांची असे. डॉक्टर अध्यक्षाच्या खुर्चीत बसत नसत. जे बोलणं दवाखान्यात निघत नव्हतं ते तिथं निघालं. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेनं व्हिएतनाम सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रं मंजूर केली. ती मुद्दाम सरकारी इस्पितळांपासून दूर, बाजारपेठेतल्या साध्या गाळ्यांमध्ये उघडण्यात आली आणि त्यांत काम करणारे अनेक जण स्वतः लढून आलेले होते. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, युद्धानंतर मनात राहून गेलेल्या आघाताला अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत यादीत नाव मिळालं. म्हणजे सोबत्यांनी जे ओळखलं होतं त्याला शास्त्राची मान्यता नंतर आली. हा क्रम मला बोलका वाटतो.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच करत आलं आहे. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या केंद्रात दारू सुटलेला माणूसच नव्यानं आलेल्याचा हात धरतो. “सर, मी रोज एक क्वार्टरच घेतो,” हे खोटं डॉक्टरला पटेलही, पण स्वतः दहा वर्षं तेच खोटं बोललेल्या माणसाला ते पटत नाही. तिथल्या बायकांच्या ‘सहचरी’ गटात तर नवऱ्याच्या व्यसनानं पोळलेल्या बाईला दुसरी पोळलेली बाईच भेटते. तिथं मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समाजसेवक आहेत, शिस्त आहे, आणि त्या चौकटीत हा सोबती काम करतो. चौकटीचा मुद्दा ध्यानात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

आता सैनिकांकडे. आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड त्याच वंशातलं. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्या कार्यालयात ‘कल्याण संघटक’ नावाचं पद असतं. त्यावर माजी सैनिकच घेतात आणि त्यानं तालुक्यांना फिरून माजी सैनिकांची, वीरपत्नींची गाऱ्हाणी ऐकावीत अशी अपेक्षा असते. कागदावर बघितलं तर हा आपला सरकारी मेंटॉरच झाला! पण अख्ख्या जिल्ह्याच्या फायली डोक्यावर घेतलेल्या माणसाला पारावर तासभर बसायची सवड कुठून मिळणार? त्याचा दिवस मुलीच्या लग्नाचं अनुदान, मुलाची शिष्यवृत्ती, ओळखपत्र आणि पेन्शनमधली चूक यांत जातो.

अर्थात कागदाला कमी लेखण्याची चूक मी करणार नाही. मन मोकळं करणं वगैरे पुढची गोष्ट, पुष्कळदा दार उघडतं ते कागदानंच. पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून पंचाहत्तरीच्या सुभेदाराला हयातीचा दाखला द्यायचा म्हणजे मोबाईल आला, ओटीपी आला, आणि शेतीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणंही आलं. गावातला नुकताच पेन्शन आलेला एखादा नाईक हे पाच मिनिटांत करून देतो. पाच मिनिटांनंतर चहा होतो. चहावर म्हातारा विचारतो, “कुठली पलटण?” ‘काय वाटतं?’ असं थेट विचारलं तर फौजी म्हणणार, “ठीक आहे.” ‘कुठली पलटण?’ विचारलं तर तो अर्ध्या तासात कुठल्या कुठं जातो. नव्या पोराला वाटतं आपण म्हाताऱ्याला मदत केली. खरं तर घरातलं भांडण पहिल्यांदा त्यानंच तिथं बोलून टाकलेलं असतं.

असं बोलणं दुसऱ्या फौजीपाशीच का निघतं, यासाठी श्रीलंकेहून आलेल्यांचं उदाहरण घ्या. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून गेलेले आपले सुमारे १,२०० जवान तिथं मारले गेले. मुंबईत जन्मलेल्या आणि ८ महारचे असलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण कारगिलला जसा २६ जुलै आहे तसा जाफन्याला दिवस नाही. ती लढाई कशासाठी झाली, जिंकली की हरली, हे गावाला सांगता येत नाही, आणि जाऊन आलेल्यालाही धड सांगता येत नाही. ज्या युद्धाची गोष्ट रचता येत नाही ते फक्त तिथं जाऊन आलेल्यापाशीच काढता येतं. याची दुसरी बाजू त्याहून कमी बोलली जाते. पुष्कळ फौजींनी गोळीबार पाहिलेलाच नसतो. कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी स्टोअरमध्ये, कुणी क्लार्क. गाव विचारतं, “किती मारले, मेजर?” मग एखादा काहीतरी रचून सांगतो, एखादा हसून गप्प होतो. दोघंही त्या प्रश्नानं खोटे पडतात. वर्कशॉपवाल्याला वर्कशॉपवाला भेटला तरच त्याची नोकरी पुन्हा खरी होते.

या विचाराला छेद देणाऱ्या दोन-तीन गोष्टी मात्र माझ्याच डोक्यात आहेत आणि त्या बाजूला सारणं बरोबर होणार नाही.

पहिली म्हणजे, फौजीला गप्प करणारा सगळ्यात कडक माणूसही फौजीच असतो. “अरे, वर्दी घातलीस ना? मग रडतोस काय!” हे वाक्य गावकरी बोलणार नाही, जुना हवालदारच बोलेल. वर एक पेग भरून देईल. कॅन्टीनच्या कोट्यातली रम ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट समुपदेशक आहे. तेव्हा सैन्यात होता एवढ्यानं कुणी सोबती ठरत नाही. समोरच्याची गोष्ट चालू असताना आपली मोठी गोष्ट मध्ये न घालणं ही शिकून घ्यायची कला आहे. हा माणूस आपल्या हातातला राहिला नाही, आता त्याला डॉक्टरकडे न्यायचं, हे ओळखणं तर आणखी अवघड. पैशाच्या देण्याघेण्यात न पडणं, पेन्शनच्या कामात टक्केवारी न घेणं, जोडलेल्या माणसांच्या बळावर ग्रामपंचायतीला उभं न राहणं, हेही शिकवावं लागतं. तिसरं सगळ्यात आधी शिकवावं असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट हुद्द्याची. वर्दी उतरली तरी ‘साहेब’ उतरत नाही. समान हुद्दा, समान पेन्शनसाठी २०१५ च्या जूनपासून जंतरमंतरवर धरणं झालं ते सगळ्या माजी सैनिकांच्या नावानं. पण २०२३ मध्ये त्याच जंतरमंतरवर जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) वेगळे येऊन बसले, कारण सुधारित रकमांत आपल्यापेक्षा अधिकाऱ्यांचंच भलं झालं अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी-खोटी हा वेगळा विषय. निवृत्त कर्नल कितीही मायाळू असला तरी त्याच्यापुढं नाईक टाचा जुळवूनच बसतो, आणि टाचा जुळवून बसलेला माणूस बायकोनं माहेर गाठल्याचं सांगत नाही. कर्नलनं दवाखान्याशी, बँकेशी, कलेक्टर कचेरीशी भांडावं. तिथं त्याचा हुद्दा कामाला येतो. पारावर नाईकानं बसावं. वीरपत्नीकडं तर यांतल्या कुणीच पुढारपण करू नये. पतीच्या पेन्शनवरून सासर-माहेरात ओढाताण चाललेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला त्याच आगीतून गेलेली दुसरी वीरपत्नीच हवी. माजी सैनिकांच्या मेळाव्यात या बायकांना पहिल्या रांगेत बसवतात, साडी देतात, आणि माईक सोडून सगळं देतात.

तिसरा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. स्वयंसेवक फुकटात मिळतो, म्हणून तो सरकारला फार आवडतो. बफेलोचा मेंटॉर एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी न्यायालय होतं आणि माजी सैनिकांच्या इस्पितळाचा माणूस त्याच खोलीत हजर असे. मुक्तांगणातल्या सोबत्यामागं डॉक्टर आहेत. आपल्याकडे २००३ पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, पण तिचं पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी, आणि तिथं मानसोपचारतज्ज्ञ भेटेलच याची हमी कोण देणार? डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा वेगळा कक्ष सुरू झाला, हे चांगलंच झालं. पण फोन लावायला आधी कुणीतरी म्हणावं लागतं की लाव. सोबती ते म्हणू शकतो. पलीकडून फोन उचलला जाणं ही जबाबदारी त्याची नाही, आणि ती त्याच्यावर ढकलली तर वर्षभरात तोच थकून घरी बसेल. पुढाकार समाजानं घ्यावा असं सरकारी व्यासपीठावरून कुणी म्हणू लागलं की मी सावध होतो.

मात्र काही शिकवणं असं असतं की ते डॉक्टरला देताच येत नाही. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कमरेखालचं शरीर गेलेले जवान तिथं राहतात. मणक्याला गोळी लागलेल्याला सर्जन सांगतो की पाय का हलत नाहीत. पण पलंगावरून खुर्चीत कसं जायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री किती वेळा कूस बदलायची, आईनं पहिल्यांदा बघितलं की ती रडणार तेव्हा तोंड कसं ठेवायचं, हे खुर्चीत दहा वर्षं काढलेलाच सांगू शकतो. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला त्यांना २०१८ उजाडावं लागलं. आपण त्यांच्यावरचा सिनेमा बघितला, टाळ्याही वाजवल्या. पण नव्यानं खुर्चीत बसलेल्या पोराला सुवर्णपदक फार लांब असतं. त्याला आधी संडासापर्यंत जायचं असतं.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीत भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. जास्तीत जास्त २५ टक्के आत राहतील, बाकीचे पोरगे बाविशी-तेविशीत घरी येतील. हातात साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि एक प्रमाणपत्र असेल. निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत, त्या काहींना मिळतील. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन नाही, आरोग्य योजना नाही आणि नियमाप्रमाणे ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. योजना बरी की वाईट यावर पुष्कळ वाद झाले आहेत आणि होतील. मी इथं एवढंच बघतो की गावाच्या भाषेत या पोरांसाठी शब्दच नाही. त्यांना ‘पेन्शन आला’ म्हणता येत नाही. मेजर म्हणावं तर मिशीही धड फुटलेली नसते. ‘काढून टाकलं का रे?’ हे मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार. जिल्हा कार्यालयाची सगळी व्यवस्था ‘माजी सैनिक’ या शब्दावर उभी आहे, आणि कल्याण संघटकानं फिरायचं म्हटलं तरी त्याच्याकडच्या यादीत यांची नावं कुठून यायची?

मग ती कुणापाशी असतील? सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड, कुठंही पहाटे रस्त्यानं जा, तीस-चाळीस पोरं दम टाकत धावताना दिसतील आणि मागं मोटारसायकलवर शिट्टी घेतलेला एक माजी हवालदार असेल. त्याला पोरं उस्ताद म्हणतात. भरतीपूर्व प्रशिक्षणाची त्याची अकादमी असते, बाहेर फ्लेक्स असतो, फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो. फी घेतो, धंदाच आहे तो. परत आलेल्यांसाठी त्या फ्लेक्सवर जागा नसते, कारण त्यांच्या फोटोनं नवा पोरगा नाव घालायला येणार नाही. पण प्रत्येक पोराचा दम कुठं तुटतो, घरी बाप पितो का, आई कुणाच्या शेतावर जाते, हे त्याला माहीत असतं. सगळ्यांचे नंबर अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहेत. चार वर्षांपूर्वी पहाटे चारला तेच नंबर फिरवून तो एकेकाला शिव्या घालून उठवायचा.